प्रश्न क्रमांक तीनशे बारा

ठसा-तपासणी कक्षातल्या पडद्यावर एकदम अडतीस नावं लाल झाली, तेव्हा डॉ. ईश्वरी देशमाने चहात बिस्किट बुडवत होती. बिस्किट चहातच राहिलं.

लेखन-पात्रता चाचणीचा निकाल तीन दिवसांवर आला होता. राज्यातली साडेनऊ लाख मुलं या चाचणीला बसली होती. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय ना कुठल्या अभ्यासक्रमाला प्रवेश, ना नोकरी. पडद्यावरच्या नावांखाली एकच ओळ होती : सर्व उत्तरपत्रिकांचा लेखक एक. नागनाथ होगे, खासगी शिकवणी, मानवत.

होगे सर! पंचवीस वर्षांपूर्वी ईश्वरीला व्याकरण शिकवलं होतं ते याच सरांनी.

सुनावणी लगेच लागली. चाचणी घेणाऱ्या मंडळाच्या सचिव शर्वरी कानडे न्यायखात्यातून नव्यानेच आल्या होत्या. कागदावरची अक्षरं खरी, बाकी सगळी बडबड, असा त्यांचा खाक्या. सकाळी अकराला त्यांनी ईश्वरीला समोर बसवलं.

"हे यंत्र तुमच्याच सिद्धांतावर चालतं, डॉक्टर. मला सोप्या भाषेत सांगा. पेपर दुसऱ्या कुणी सांगितला हे त्याला कळतं कसं?"

"बरोबर उत्तरांवरून नाही कळत," ईश्वरी म्हणाली. "ती सगळ्यांची सारखीच असतात. पण एकशेवीस वाक्यं शुद्ध करून लिहायला दिली की प्रत्येक जण कुठे ना कुठे घसरतो, आणि घसरायच्या जागा ज्याच्या त्याच्या वेगळ्या. त्या सगळ्या जागा मिळून होतो तो चूक-ठसा. साधं चार पानी लेखनही त्याला पुरतं. मुलं तांदळाएवढी कर्णकुपी कानात घालून बसली आणि बाहेरून कुणी उत्तरं सांगितली, तर कागदावर ठसा उमटतो तो सांगणाऱ्याचा."

"आणि दोन माणसांचा ठसा सारखा निघाला तर?"

"दोन लाख लोकांचं लेखन आम्ही तपासलं. कुठल्याही दोघांच्या सोळापेक्षा जास्त चुका जुळल्या नाहीत. म्हणून सीमा सतरा ठेवली. सतरा जुळल्या की माणूस एकच."

"मग प्रश्न मिटला. शिकवणीचालकांचे ठसे परवान्याच्या वेळीच घेतलेले आहेत. होगे यांचा या अडतीस जणांशी जुळतो. मुलांना आजन्म बंदी, होगे यांच्यावर खटला."

"नाही मिटला," ईश्वरी म्हणाली. "ते दोन लाख लोक निवडताना आम्ही एका शाळेतून एकच मूल घेतलं होतं. नमुना जितका पसरलेला तितका चांगला, असं वाटलं. त्यामुळे एकाच गुरुजींच्या हाताखालची दोन मुलं आम्ही कधी शेजारी ठेवून पाहिलीच नाहीत."

कानडेबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

होगे सर बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जाड पुठ्ठ्याची वही. ती वही ईश्वरीने लांबूनही ओळखली असती. सरांनी स्वतः रचलेले चार हजार प्रश्न, मागच्या पानांवर त्यांची उत्तरं. रोज सकाळी चाळीस प्रश्न सोडवायचे, उत्तरांशी ताडून पाहायचे, चुकेल ते वाक्य वीसदा लिहायचं. दोन वर्षांत वही सहा-सात वेळा संपायची, तोवर ती मुलाच्या हातात उतरलेली असायची. आणि वहीतच जे चुकलेलं होतं, तेही उतरायचं. उतरणारच की!

"मी कशाला कुणाच्या कानात बोलू, माय?" तिला पाहताच सर उठायला लागले. "त्या कुपीत कुठून बोलतेत तेबी मला ठाव नाही. लेकरांकडून रोज चाळीस प्रश्न करून घेतले, एवढंच केलं. त्या अडतिसांतली मुक्ता नर्सच्या कोर्सला निघाली होती. तिची आई रोज फोन करती, सर काय झालं म्हणून. काय सांगू तिला?"

"मी आहे ना, सर," ती म्हणाली. असं म्हणताना आपल्याला किती भीती वाटते आहे, हे तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

तिच्यापाशी एक पुरावा होता. परत कानडेबाईंसमोर येऊन तिने आपला प्रबंध यंत्रात घातला आणि सरांच्या ठशाशी ताडायला सांगितलं. यंत्र आकडा दाखवत नसे, नुसता निर्णय देत असे. जुळणारे आकडे सुनावणीतली तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही दिसू नयेत, आणि चुकांची यादी तर कधीच, अशी आखणी तिचीच होती.

पडद्यावर आलं : लेखक, नागनाथ होगे.

"पाहा!" ईश्वरी जवळजवळ ओरडलीच. "हा प्रबंध माझा आहे. मी त्यांची विद्यार्थिनी, म्हणून ठसा त्यांचा. शिकवण्यानेच ठसा उतरतो. मुलं निर्दोष आहेत."

"किंवा तुमचा प्रबंधही त्यांनीच लिहून दिला," कानडेबाई शांतपणे म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, हेच अवघड होतं. "तुम्हीच सांगा, हे यंत्र त्या दोहोंत फरक करू शकतं का?"

नाही करू शकत, हे तिलाही मान्य करावं लागलं.

"मग प्रयोग करू. बंद खोलीत, माझ्या समोर, कान तपासून घेऊन तुम्ही चार पानं लिहा. ठसा पुन्हा होगे यांचाच आला, तर तुमचं म्हणणं सिद्ध. मी स्वतः निकाल फिरवते. नाही आला, तर प्रबंध त्यांचा आणि मुलं दोषी."

यात खोट काढायला जागा नव्हती. ईश्वरीने स्वतः आखला असता तर प्रयोग असाच आखला असता.

ती लिहायला बसली. सरांची शिकवणी, भल्या सकाळचा कंदिलासारखा पिवळा दिवा, वही, मुलांची रांग, सगळं भराभर उतरत गेलं. तिसऱ्या पानावर एका शब्दाशी मात्र लेखणी अडखळली.

वहीतला तीनशे बारावा प्रश्न. सरांचं उत्तर चुकलेलं आहे, हे तिला पंधराव्या वर्षीच कळलं होतं. तिने हातही वर केला होता. "काय गं?" सरांनी विचारलं, आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. "काही नाही, सर," म्हणून तिने हात खाली घेतला. सरांना चूक दाखवायची? छे! त्यानंतर तो शब्द ती सरांसारखाच लिहीत आली, पुढे सवयीने, प्रबंधातसुद्धा.

आज मात्र मन जागं होतं. मुद्दाम चुकीचं लिहिणं म्हणजे प्रयोगात लबाडी. आणि मनात कुठेतरी असंही आलं की पंचवीस वर्षांनी निदान एकदा तरी बरोबर लिहावं. एका शब्दाने असा काय फरक पडणार? तिने बरोबर लिहिलं.

चार पानं यंत्रात गेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर आलं : लेखक, नागनाथ होगे नव्हे. प्रयोगाबरोबर तपासणी संपली होती, म्हणून खाली आकडाही उमटला. होगे यांच्या ठशातल्या एकूण चुका, सतरा. प्रबंधातल्या जुळलेल्या, सतरा. आजच्या, सोळा.

ती आकड्याकडे बघत राहिली. एक शब्द. त्या वर्गात तिने हात खाली घेतला नसता, तर सरांनी वहीत दुरुस्ती केली असती, आणि पुढच्या एकाही मुलाचा ठसा सतराला पोचला नसता.

"एक चूक मी आज मुद्दाम टाळली," ती कशीबशी म्हणाली. "मला ती माहीत होती, बाई. परत लिहू द्या."

"ठरवून चुका करून?" कानडेबाईंचा आवाज मऊ झाला होता. "आज तुमचं आणि होगे यांचं लेखन वेगळं निघालं. म्हणजे शिकवण्याने ठसा उतरत नाही. सीमा तुम्हीच आखलीत, डॉक्टर." त्यांनी अडतीस नावांपुढे सही केली. एकोणचाळिसावं नाव प्रबंधामुळे जोडलं गेलं.

बाहेर बाकावर सर तसेच बसले होते. ईश्वरीने चारही पानं त्यांच्या हातात दिली. सरांनी सवयीने खिशातलं लाल पेन काढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले.

"छान लिहिलंस, माय. मी शिकवलं तसंच." मग तिसऱ्या पानावर बोट थांबलं. त्यांनी त्या शब्दाखाली हळूच लाल रेघ ओढली. "एवढी एक चूक राहिली बघ. तीनशे बारावा. लहानपणी बरोबर लिहायचीस."