मुलाखत घेणारा बाहेर थांबला

"माझे वडील अजून जिवंत आहेत!"

दार ढकलून आत शिरल्या शिरल्या कोलेट मिशो ओरडली. बुटांवरचा बर्फ गालिच्यावर पडला, लोकरी टोपी एका कानावर आली, पण तिला कुठलं भान! समोर टेबलाशी बसलेला तरुण अर्धं सँडविच हातात धरून बघतच राहिला.

"अं... अभिनंदन," तो म्हणाला.

"अभिनंदन? लाज नाही वाटत? आठवडाभर सारखे फोन! फोनच्या पडद्यावर 'क्रॉकर अंत्यविधी' असं नाव उमटतं, मी उचलतच नाही. अहो, गिधाडंसुद्धा जीव जायची वाट बघतात!"

तरुणाने सँडविच खाली ठेवलं. उंच, किडकिडीत, अंगात काळा सूट, आणि टाय मात्र गळ्यात नुसताच लोंबत होता. "मिस मिशो, मी एवरेट क्रॉकर. मी तुमच्या वडिलांसाठी नाही, तुमच्यासाठी फोन करत होतो."

"माझ्यासाठी? मी चांगली ठणठणीत आहे!"

"ते दिसतंच आहे," तो हसू दाबत म्हणाला. "कॉलेजच्या मुलाखतीसाठी हो! तुम्ही अर्ज केलाय ना बॉस्टनला? मी तिथलाच, जुना विद्यार्थी."

कोलेट धपकन खुर्चीत बसली. कॉलेजने कळवलं होतं खरं, की तुमच्या भागातला आमचा एखादा माजी विद्यार्थी फोन करेल, वेळ ठरवेल, कॉफी पिता पिता गप्पा मारेल आणि तुमच्याविषयी आपलं मत आम्हाला लिहून पाठवेल. तिला वाटलं होतं, कुणी वकील असेल, डॉक्टर असेल. मेन राज्याच्या या उत्तर टोकाला त्या कॉलेजचा एकच माणूस असावा, आणि तो नेमका प्रेतं नेणारा असावा! नशीब म्हणतात ते हेच.

ही मुलाखत म्हणजे तिचं सर्वस्व होतं. शाळा सुटून वर्षं झाली होती. दिवसा बटाट्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि घरी आलं की पापांच्या खाटेशी बसायचं, यातच तिचं चोविसावं वर्ष उजाडलं. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजात थोड्या जागा राखीव होत्या. गुण बेताचेच, तेव्हा काय ती मदार मुलाखतीवर. जानेवारीअखेर मुलाखत झाली नाही, तर पट्टा आहे आणि बटाटे आहेत, मरेपर्यंत.

"इथेच घ्या मग," ती म्हणाली. "आत्ताच."

"नियमात बसत नाही. ना माझ्या कचेरीत, ना तुमच्या घरी. चार लोकांत भेटायचं." त्याने टाय सारखा केला. "लॉरेटच्या खानावळीत, गुरुवारी? आणि हो... तिथे मी शवपेट्या विकत नाही."

तिला हसायचं नव्हतं. तरी ओठ हललेच मेले.

गुरुवारी ती ठेवणीतला चांगला झगा घालून खानावळीत बसली, आणि तो आलाच नाही. संध्याकाळी फोन. "माफ करा. माझी गिऱ्हाईकं वेळ ठरवून येत नाहीत."

पुढच्या खेपेला तो येऊन बसला आणि तिला जमलं नाही. पापांचा श्वास कोंडला होता. ऑक्सिजनची नळी सांभाळत ती बसली असताना दारावर टकटक झाली. दारात एवरेट, हातात लॉरेटने दिलेलं माशांच्या सुपाचं भांडं.

आर्मां मिशोंनी खाटेवरून मान वर केली. "आलास? जरा घाई नाही झाली, पोरा?"

"मी सूप घेऊन आलोय, मिस्टर मिशो."

"माप घ्यायचं असेल तर घेऊन टाक. पुढच्या आठवड्यात मी आणखी बारीक होईन."

"पापा!" कोलेट किंचाळली. पण एवरेट शांतपणे खाटेशी बसला आणि म्हणाला, "पत्ते येतात का तुम्हाला?"

त्यानंतर तो येतच राहिला. पायऱ्यांवरचा बर्फ उपसायचा, पापांबरोबर पत्ते खेळायचा, हरायचा. कोलेट तव्यावर प्लोय नावाची धिरडी टाकायची, तो उभ्या उभ्याच लोणी लावून खायचा.

"मुलाखतीचं काय?" ती विचारायची.

"मी आज मुलाखत घेणारा नाही. शेजारी आहे."

"शेजारी? पाच मैल लांब राहता तुम्ही."

"माझ्या धंद्यात सगळा गाव शेजारीच." मग तो तिच्याकडे बघायचा... आणि चटकन तव्याकडे बघायचा. "करपतंय," म्हणायचा. करपत कधीच नसायचं.

एकदा भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "एवढं शिकून तुम्ही परत का आलात?"

"बाबांना झटका आला. आई म्हणाली, थोडे दिवस थांब." त्याने बशी फडताळात ठेवली. "थांबलो. त्याला पाच वर्षं झाली."

पापा एका सकाळी गेले. रात्रभर तळमळले आणि उजाडता उजाडता दमून थांबले. कोलेटने स्वतः तो नंबर फिरवला. एवरेट आला तो आज धंद्यातला माणूस होऊन आला होता, टाय नीट बांधलेला, पावलं हलकी. मदतनिसाबरोबर त्याने पापांना उचललं, पांघरूण घातलं. मग थबकला. वाकून पापांच्या पायांखाली पांघरूण नीट खोचलं आणि हळूच म्हणाला, "बाहेर फार थंडी आहे, मिस्टर मिशो."

कोलेट भिंतीला टेकून उभी होती. आणि त्या क्षणी, बाप डोळ्यांसमोर मरून पडलेला असताना, तिला लख्ख कळलं की या माणसावर आपला जीव जडलाय. तिला स्वतःची किळस आली. ती मोरीत गेली आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली.

अंत्यविधी पार पडला. महिना संपत आला होता. शेवटी एकदाचं त्याने तिला खानावळीत बोलावलं, सकाळीच. ती काळ्या झग्यातच गेली. तिच्यासमोर कॉफी आली, त्याच्यासमोर मात्र ना कागद होता ना पेन.

"कोलेट, मला तुझी मुलाखत घेता येणार नाही."

पहिल्यांदाच तो तिला अगं-तुगं करत होता, आणि तेही हे सांगायला!

"काल मी कॉलेजला कळवलं. उमेदवाराशी नातं असेल तर आम्हाला बाजूला व्हावं लागतं."

"आपलं कसलं नातं?"

"माझ्या बाजूने आहे." त्याचे कान लाल झाले. "तुझ्या बाजूचं... मी विचारलं नाही."

कोलेटने कप असा आपटला की लॉरेटने गल्ल्यावरून मान वळवली. "प्रेमात पडलास तू आणि जागा जाणार माझी? वा रे वा! गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? दोन ओळी खरडून द्यायच्या होत्या!"

"खरडल्या ना! रात्रभर खरडत होतो. ते वाचून त्यांनी तुला घेतलं नसतं, मला डॉक्टर पाठवला असता." मग तो घाईघाईने बोलू लागला. "ऐक आधी. बँगोरला एक बाई आहेत, निवृत्त न्यायाधीश. मिसेस विन्स्लो. आमच्याच कॉलेजच्या. मी सकाळपासून फोनवर होतो. त्या आज दुपारी वाचनालयात भेटतील, तिथल्याच. उद्या त्या आपल्या मुलीकडे राहायला जाणार आहेत, म्हणून आजच जायला हवं."

"बँगोर? चार तासांची वाट! वादळ येतंय! माझी गाडी..."

"माझी आहे."

बाहेर ती लांबलचक काळी शववाहिका उभी होती. कोलेट बघतच राहिली.

"पुढे बस," एवरेट म्हणाला. "मागे बसायची वेळ यायची आहे अजून."

रस्त्यावर वारं सुटलेलं, दोन्ही बाजूंना पांढरं रान. पण गाड्या त्यांना बघून आपोआप बाजूला होत होत्या. एका ट्रकवाल्याने तर थांबून टोपी काढली, रिकाम्या गाडीला! कोलेटला खुदकन हसू फुटलं. हसता हसता पापा आठवले, आणि हसण्याचं रडं कधी झालं ते कळलंच नाही. एवरेटने समजूत घातली नाही. फक्त वेग कमी केला आणि आपला हातमोजा काढून हात तिच्या दिशेने आसनावर उताणा ठेवला. तिने तो धरला नाही. रागच होता अजून.

वाचनालयापाशी ती उतरली. तो जागचा हलला नाही.

"आत नाही येत?"

"आत आलो तर त्या मुलाखतीचंही वाटोळं. जा तू. झकास बोल."

ती बाहेर आली तेव्हा अंधारून आलं होतं. गाडी बंद ठेवून एवरेट रस्त्यावर उभा होता, बाहीने काचेवरचा बर्फ पुसत. नाक लालबुंद झालं होतं.

"काय म्हणाल्या?"

"कळवतील म्हणाल्या. पण... मला वाटतं, मिळेल, एवरेट."

"छान," तो म्हणाला. म्हणताना खाली बघत होता.

"त्यांनी विचारलं, मागे काय सोडून जाणार? उत्तर माझं पाठ होतं. 'काही नाही.' पापा गेल्यावर तर सोपंच झालं होतं ते."

"मग?"

"मी म्हटलं, एक माणूस. मला इथे आणून बाहेर गारठत थांबलाय."

एवरेटचा हात काचेवरच राहिला.

"मग म्हणाल्या, तरी जाणार का? आणि मी हो म्हटलं." तिचा आवाज फाटला. "हो म्हटलं रे मी! क्षणाचाही विचार केला नाही!"

त्याने काचेवरचा उरलेला बर्फ पुसून काढला. बर्फ दोघांच्या खांद्यांवर साठत होता.

"बरोबर बोललीस," शेवटी तो म्हणाला. "नाही म्हणाली असतीस तर मी तुला परत आत धाडलं असतं."

"तू चल ना..."

"बाबांना कोण भरवणार?"

तिला उत्तर माहीत होतं. हे असंच असतं, पायाला बेडी असलेल्या माणसावरच जीव जडतो.

"मी तुला थांब म्हणणार नाही," एवरेट म्हणाला. डोळे भरले होते, आणि तो ते लपवत नव्हता. "तो शब्द मी कुणालाच म्हणणार नाही. पण कॉलेज उघडायला सप्टेंबर उजाडेल, कोलेट... तोवर माझी होशील?"

तिने त्याच्या गार कोटावर कपाळ टेकलं.

"हो," ती म्हणाली. त्या दिवशी दुसऱ्यांदा, आणि पहिल्यासारखंच, क्षणाचाही विचार न करता.