मुकादमाची हनुवटी

"या कुत्र्याला सोडून जाणाऱ्या माणसांची सवय लावू नका हं. फार जड जातं त्याला."

हे त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. त्या वेळी मी लोकांची माफी मागण्यात गुंतले होते.

झालं होतं असं, की बागेत मुंगीची टोपी उडाली, ती पकडायला मी वाकले आणि हातातला पट्टा सुटला. मुंगी म्हणजे माझी लेक. पाय फुटल्यापासून एका जागी थांबली नाही, म्हणून मुंगी. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होता मुकादम, दादानं हौसेनं आणलेला काळा-पांढरा कॉली, मेंढ्या राखणाऱ्या जातीचा कुत्रा. दादाची बदली झाली, नव्या घरात कुत्र्याला परवानगी मिळेना. "थोडे दिवस ठेव गं," म्हणून जो माझ्याकडे आला, तो आलाच.

पट्टा सुटला, पण मुकादम पळाला नाही. त्यानं लांबून मोठा वळसा घेतला आणि बागेतली माणसं गोळा करायला लागला! पळायला आलेलं एक जोडपं, पेपर वाचणारे आजोबा, बाबागाडीवाली एक बाई... सगळ्यांना न भुंकता, नुसतं रोखून बघत, कारंज्याच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. आजोबा ओरडत होते, "अहो बाई, आवरा याला!" त्या घोळक्यात एकच माणूस हसत होता. हात खिशात घालून, एखाद्या शहाण्या मेंढीसारखा उभा.

त्यानं बारीकशी शीळ घातली. मुकादम होता तिथेच बसला.

"झकास काम करतो की! कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. हा माणसं गोळा करतो, हेच मला आत्ता कळतंय," मी म्हटलं. मला रडू यायचं बाकी होतं.

तो कुत्र्यांचा ट्रेनर निघाला. खिशातून कार्ड काढून देता देता म्हणाला, की ही जात आपली माणसं मोजून ठेवते. एखादा मोजणीत आला आणि मग यायचा बंद झाला, की हा त्याची वाट बघत बसतो. आणि मग ते वाक्य... सोडून जाणाऱ्या माणसांची सवय लावू नका.

"कुत्र्याला म्हणताय ना?" मी विचारलं.

तो गडबडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अं? हो... कुत्र्यालाच."

मुंगीचा बाबा ती रांगायच्या आधीच दुसऱ्या संसारात निघून गेला होता. हे त्याला कुठून माहीत असणार? मी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि विषय संपवला.

पण त्याच आठवड्यात मुंगीच्या टाचेवर मला दातांचा लाल वण दिसला.

मी घाबरट आई आहे. मुंगी झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरून बघते. तो वण बघितला आणि लगेच दादाला फोन लावला, "आत्ताच्या आत्ता घेऊन जा याला."

"अगं, आधी त्या बागेतल्या माणसाला तरी विचार," आमच्याबरोबर राहणारी माझी आई म्हणाली. "कार्ड टाकून दिलं नाहीस ते कशाला मग?"

आईला पर्स तपासायची सवय आहे.

मी फोन केल्यावर तो आला, तो सरळ जमिनीवर बसला. आधी मुंगीला विचारलं, "तुझा पाय बघू का गं?" मग टाच हातात धरून म्हणाला, "चावला नाहीये. हाकललंय. मेंढी ऐकेनाशी झाली की हे टाचेला दात लावतात. पण हे थांबवायलाच हवं. आणि तोवर दोघांना एकटं सोडायचं नाही, अगदी क्षणभरसुद्धा."

"आणि रागवायचं कसं त्याला?"

"रागवून काय होणार? काम द्या. हा रिकामा बसला की स्वतःच काम शोधतो, आणि ते आपल्याला झेपत नाही."

मग दर शनिवारी सकाळी तो यायला लागला. मुकादमाला नवी नोकरी लागली. मुंगीची खेळणी टोपलीत टाकायची, सांगितलेली चप्पल आणायची, मुंगी पळाली तरी चटईवर पडून राहायचं. हे शेवटचं त्याला सगळ्यात अवघड गेलं. अंगाला कंप सुटायचा, पण उठायचा नाही.

काम झालं की विंचरणं. वरचे केस लांब, खाली कापसासारखी दाट लव. "ही कधी भादरू नका, उन्हातही हीच राखते त्याला," तो सांगायचा. कानामागच्या गाठी बोटांनी सोडवायच्या. गाठ सोडवताना आमची बोटं एकमेकांत अडकायची... आणि दोघंही अतिशय मन लावून कुत्र्याकडे बघायचो.

विंचरता विंचरता तो बोलायचा. धुक्यातले डोंगर, नजर पोचणार नाही इतका पसरलेला कळप आणि एकटा मेंढपाळ. तिथे ही जात घडली. दिसण्यावरून कुणी निवडली नाही. कान उभे असोत की पडलेले, ज्याचं काम चोख, त्याची पिल्लं ठेवायची.

"भुंकलं की कळप बिथरतो. म्हणून हे डोळ्यानं काम करतात. तुमच्यासारखं."

"माझ्यासारखं?"

"मघाशी मुंगी खुर्चीवर चढली. तुम्ही अवाक्षर बोलला नाहीत, नुसतं बघितलंत. उतरली."

"म्हणजे मी कुत्र्यासारखी आहे?"

"उत्तम जातीची," तो म्हणाला. आईला स्वयंपाकघरात जोराचा ठसका लागला.

मुकादमाची एक खोड होती. आई, मी आणि मुंगी एका खोलीत आलो, की तो प्रत्येकीकडे एकदा बघायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि हनुवटी जमिनीला टेकायचा. कुणी एक आत-बाहेर करत असेल, तोवर मान वर ती वरच.

एका शनिवारी आम्ही तिघीही बसलो होतो, तरी हनुवटी खाली येईना. ट्रेनर तेव्हा बाल्कनीत ब्रश झटकत होता. आत येऊन खुर्चीत बसला मात्र... सुस्कारा. हनुवटी जमिनीवर.

मी हसले. तो हसला नाही. "यानं मलाही मोजलं," एवढंच म्हणत चहा अर्धा टाकून उठला.

पुढच्या शनिवारी त्याचा फोन आला. "आता तुमचं तुम्हाला जमेल. माझी गरज नाही."

जमलंच असतं. पण मुकादम दाराशी बसायला लागला. जिन्यात पाय वाजला की कान टवकारायचा, मग पाडायचा. जेवण उष्टं टाकायला लागला. मी आईला म्हटलं, "बघ ना गं, कसा दाराला चिकटून बसतो."

"तो दाराला चिकटलाय ते दिसतंय तुला," आई कणीक मळता मळता म्हणाली. "तू खिडकीला चिकटलीयस, ते?"

मी मुंगीला कडेवर घेतलं, पट्टा हातात घेतला आणि गावाबाहेरच्या त्याच्या मैदानावर गेले. पत्र्याच्या खोलीत तो पिशवी भरत होता. दोऱ्या, शिट्ट्या, एक जुना स्वेटर.

"कुठे निघालात?"

"लांब. ज्यांच्याकडे काम शिकलो, त्यांच्या मेंढ्या विणार आहेत. कोकरं सांभाळायला माणूस हवाय. म्हणाले, पुढेही राहा."

"आणि राहणार?"

तो दोरी गुंडाळत राहिला. "मी गेलो, तर इथे कुणाच्या मोजणीत कमी पडणार आहे?"

"मुकादमाच्या."

"फक्त?"

पट्टा हातातून सुटला, की मीच सोडला... देव जाणे. मुकादम लांबून वळसा घेत त्याच्या मागे गेला, खाली वाकला आणि रोखून बघायला लागला. ट्रेनर एक पाऊल माझ्याकडे सरकला. मग आणखी एक.

"हे मी शिकवलेलं नाही त्याला," मी म्हटलं.

"मग तुम्ही स्वतः सांगा ना काहीतरी."

"तुम्ही कुत्र्याला सोडून जाताय म्हणून नाही आले मी," मी म्हटलं. "मला... मला सवय झालीय. तुम्ही बजावूनसुद्धा."

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. हातातली दोरी पिशवीत टाकत म्हणाला, "शब्द दिलाय. हंगाम संपेपर्यंत जावं लागेल."

"जा. परत येणारा माणूस सोडून जाणारा नसतो."

तेवढ्यात मुंगीनं माझ्या कडेवरून त्याच्याकडे झेप घेतली. मुंगी सहसा कुणाकडे जात नाही.

तो गेला. रोज व्हिडिओ कॉल करायचा, मागे कोकरं बें बें करायची. आवाज आला की मुकादम धावत यायचा आणि फोनच्या मागे जाऊन बघायचा, हा लपलाय कुठे. मी मात्र मोठ्या तोंडानं बोलून बसले होते. मनात दर वेळी धाकधूक, आज फोन नाही आला तर?

हंगाम संपला आणि तो दारात उभा राहिला. अंगाला मेंढ्यांचा वास, खांद्यावर तीच पिशवी. मला वाटलं, मुकादम उड्या मारेल. छे! तो त्याच्या मागे गेला, ढकलत ढकलत त्याला आतल्या खोलीत आणलं, एकेकाकडे बघितलं... आई, मी, मुंगी, तो. मग एवढा मोठा सुस्कारा सोडला, की आईला हसू आवरेना. हनुवटी जमिनीला टेकली, आणि मुकादम गाढ झोपला.

माझाही श्वास तेव्हाच मोकळा झाला असावा.

मुकादमाकडून मी एक शिकले. तो समोर बसलेल्यांवर खूश होत नाही, रिकामी राहिलेली जागा शोधतो. तुमच्यातही असेल असा एखादा. सगळ्यांना "पोचलात का?" विचारणारा, आणि आपण पोचलो हे कुणालाच न कळवणारा. हे वाचून झालं की त्याला एक फोन करा. कारण विचारलं, तर सांगा, मोजणीत एक कमी भरत होतं.