निळ्या दारापुढचा कोपरा

सावेडीतल्या त्या अभ्यासिकेत राजेश्वरी गेली ती केवळ घरची वीज गेली म्हणून. तिथं इन्व्हर्टर होता. बाकीची मुलं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत डोकी घालून बसली होती. एकच तरुण लॅपटॉप उघडून बसला होता, म्हणून ती त्याच्या शेजारी बसली, आणि सहज तिची नजर त्याच्या पडद्यावर गेली.

तिथं तिचं झेब्रा क्रॉसिंग होतं.

तिनंच काढलेलं. त्यातला एक पट्टा किंचित आखूड राहिला होता. तो तिला कुठंही ओळखू आला असता.

“हे… माझं आहे,” ती हळूच म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. “रस्ता? रस्ता तर सरकारी हाय, मॅडम.”

“बोलायचं असलं तर जिन्यात!” अभ्यासिका सांभाळणारे श्रीमंतकाका दारातून म्हणाले.

जिन्यात उलगडा झाला. गेले दोन महिने पुण्याच्या एका कंपनीसाठी दोघं मिळून एकच शहर बांधत होते – मोबाईलवरच्या एका गेमसाठी. ती मूळची सोनईची, इथं सावेडीत खोली घेऊन राहायची. डांबर, फूटपाथ, खिडकी, सिग्नल अशी लहान चौकोनी चित्रं काढायची. त्यांना टाइल म्हणतात. एकच टाइल शंभर ठिकाणी वापरायची असते. तो खर्ड्याचा आदिनाथ. त्या टाइल शेजारी शेजारी मांडून तो शहराचा नकाशा करायचा. कंपनी दोघांशी वेगवेगळं बोलायची, त्यामुळे एकमेकांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती.

मग ती रोज येऊ लागली. घरची वीज आता जात नाही, हे तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

“तुमच्या शहरात कोपरे एवढे ऐसपैस का हो?” एकदा जिन्यात तिनं विचारलं. “एकेका गल्लीत विमान उतरेल.”

“वळायला जागा नको?”

“कुणाला? गेममध्ये तर नुसत्या मोटारी आहेत.”

तो ओशाळला. “ट्रॅक्टरला… मागं उसाच्या दोन ट्रॉल्या आसल्या तर.”

आईवडील ऊसतोडीला जात, त्यामुळे त्याचं लहानपण कारखान्याच्या वाटेवरच गेलं होतं. एका अरुंद वळणावर मागची ट्रॉली कलंडताना त्यानं पाहिली होती. “तवापासून रस्ता काढला की हात आपोआप लांबून वळतो. मला कळलंबी न्हाई.”

ती हसायची थांबली. त्याच दिवशी तिनं शहराच्या उत्तर टोकाला, एका कोपऱ्यावर, निळ्या दाराचं छोटं घर मांडायला लावलं.

“हे माझं. इथं मी राहणार.”

“शेजार कसा हाय?”

“अजून कुणी आलेलं नाही. जागा रिकामी आहे…”

आदिनाथचे कान लाल झाले. त्यानं त्या रिकाम्या जागेवर घाईघाईनं एक झाड लावलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. हे आधुनिक शहर आहे, सगळे कोपरे अरुंद करा, शुक्रवारी पाचपर्यंत नकाशा पाठवा. राजेश्वरीला आणखी एक मेल होता: पुण्याच्या ऑफिसात नोकरी, एक तारखेपासून.

तिनं ते जिन्यात सांगितलं.

“चांगलं हाय,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“…लई चांगलं हाय.”

ती जागेवर येऊन बसली. शुक्रवारनंतर दोघांना एका टेबलाशी बसायला काही कारण उरणार नव्हतं. आणि आपण आधी बोलायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी चार वाजता तिनं नकाशा तपासायला घेतला. एक्केचाळीस कोपरे होते. चाळीस अरुंद झाले होते.

ती उठून जिन्यात गेली. तोही मागोमाग आला.

“एक कोपरा राहिला.”

“राहिला न्हाई… ठेवलाय.”

“माझ्या दारापुढचा? तिथं उसाचा ट्रॅक्टर कशाला येईल?”

तो पायरीकडे बघत होता. “ट्रॅक्टर न्हाई. टेम्पो.”

“कसला टेम्पो?”

“वऱ्हाडाचा. खर्ड्याहून येईल… म्हंजे तुमी हो म्हणलात तर. वळायला जागा नको?”

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. राजेश्वरी कठड्यावरून तिकडेच बघत म्हणाली,

“एक तारखेला मी पुण्याला चालले आहे. लक्षात आहे ना?”

“हाय. नकाशा काय, कुठंबी बसून मांडता येतो.”

“आणि वऱ्हाड सोनईलाच आणावं लागेल. आमचे दादा दुसरीकडे ऐकायचे नाहीत.”

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. “सोनईचा रस्ता रुंद हाय,” तो म्हणाला. “मी बघून आलोय… रविवारी.”

आता कान लाल व्हायची पाळी तिची होती.

“पर कंपनी हा कोपरा परत पाठवंल,” तो म्हणाला. “करतो अरुंद.”

“हात लावू नका.”

टेबलाशी परतून तिनं आपला टाइलचा तक्ता उघडला; त्यात दोनशे छप्पन्न चौकोन होते. एक शिल्लक होता. तो तिनं कारंज्यासाठी राखला होता. त्यात तिनं चार बांबू काढले, वर पिवळं कापड, कडेला आंब्याची डहाळी. तो मांडव तिनं निळ्या दारापुढं ठेवला. जास्तीची जागा बरोबर भरली.

“दुकानाचं छत वाटंल त्यांना,” तो कुजबुजला.

“वाटू दे.”

“जिन्यात!” श्रीमंतकाका म्हणाले.

पाचला चार मिनिटं असताना नकाशा गेला. सोमवारी कंपनीनं कळवलं की सगळं ठीक आहे, ते पिवळं दुकान तर फारच छान. तेच आणखी चार चौकांत लावावं.

राजेश्वरीनं आदिनाथकडे पाहिलं आणि उत्तर लिहिलं, “माफ करा. ती टाइल एकदाच वापरायची आहे.”