खुर्चीवरची कॅप्सूल

वृद्धाश्रमातल्या मंडळींनी सिस्टरचं नाव 'आ-करा सिस्टर' ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. गोळी हातावर टेकवून निघून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. गोळी तोंडात गेली, वर पाण्याचा घोट गेला, तरी या आपल्या समोर उभ्या. मग वाकून म्हणायच्या, "आ करा." जीभ वर, जीभ खाली, गालाच्या कडेला काही लपवलंय का, सगळं बघूनच पुढच्या खाटेकडे. जन्मभर दुसऱ्यांवर हुकूम सोडलेली माणसं त्यांच्यापुढे निमूट तोंड वासायची. एक निवृत्त न्यायाधीश तर त्यांच्या चपला वाजल्या की आधीच आ करून बसायचे.

त्या हिवाळ्यात आश्रमात फ्लू शिरला. आधी आचारी शिंकला, मग त्याच्या हातचं जेवणारे शिंकले, आणि बघता बघता अख्खा खालचा मजला खोकायला लागला. डॉक्टरांनी वेळ दवडला नाही. ज्यांना ताप चढला त्यांना विषाणूवरच्या कॅप्सूल लगेच सुरू केल्या, कारण हे औषध पहिल्या एक-दोन दिवसांत पोटात गेलं तरच त्याचा खरा उपयोग. जे त्यांच्या सहवासात होते पण अजून धडधाकट होते, त्यांनाही रोज एक, लागण व्हायच्या आत. त्या धडधाकटांत सिस्टरही आल्या.

सिस्टरना ती कॅप्सूल हवीच होती. त्यांच्या मुलीला नुकताच मुलगा झाला होता आणि आजीने नातू अजून फोनमध्येच पाहिला होता. जावयाला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं. तो गेला की या रजा घेऊन मुलीकडे राहणार होत्या. इथला ताप आपल्या अंगाखांद्यावर बसून त्या एवढ्याशा जिवापर्यंत जायला नको, एवढी एकच धास्ती त्यांनी घेतली होती. मास्क त्या झोपतानाच काय तो काढायच्या.

वरच्या मजल्यावर टोकाची खोली बाईंची. बाई म्हणजे गणिताच्या शिक्षिका, नोकरी संपून जमाना झाला तरी आवाजातली छडी तशीच. खोलीत एक खाट, एक उंच खिडकी आणि खाटेकडे तोंड करून ठेवलेली एक वेताची खुर्ची. खाली ताप पसरला तेव्हा सिस्टर मनात म्हणाल्या, निदान बाई तरी वाचल्या, एकट्या राहतात, कुणात मिसळत नाहीत. आणि दुसऱ्याच सकाळी बाई तापाने फणफणल्या.

बाईंची मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यामुळे डॉक्टरांनी डोस बेताचा लिहून दिला आणि चुकूनही जास्त जाऊ देऊ नका म्हणून बजावलं. बाईंना अख्खी कॅप्सूल गिळवत नसे. म्हणून सिस्टर ती हलक्या हाताने उघडायच्या, आतली पांढरी पूड चमच्यातल्या साखरेच्या पाकात कालवायच्या, आणि रिकामे झालेले दोन तुकडे सवयीने पुन्हा एकात एक बसवायच्या. टक्. एवढासाच आवाज. मग ते पोकळ टरफल कागदी कपात टाकून द्यायच्या. हातांना नीटनेटकेपणाची खोड, दुसरं काय.

पहिल्याच दिवशी बाईंनी चमचा पाहून तोंड मिटून घेतलं.

"आधी तिला द्या."

"कुणाला बाई?"

बाईंनी हनुवटीने खुर्ची दाखवली. "तिला ताप आहे. माझ्या आधीपासून आहे. तिच्यामुळेच मला लागलाय."

तापात माणसं काय काय बोलतात हे सिस्टरना नवीन नव्हतं. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "खोलीत तुम्ही एकट्याच आहात बाई."

"एकटी? मी या खोलीत आले तेव्हा ती इथंच होती. तिला म्हणे औषध मिळालंच नव्हतं. ताप डोक्यात चढल्यावर कुणाला तरी आठवण झाली. तेव्हा देऊन काय फायदा? तुम्हीच सांगता ना, लवकर द्यायला हवं." बाईंनी ओठ घट्ट मिटले. "तिला नाही तर मलाही नको."

सिस्टरनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. ताप चढत होता आणि वेळ जात होता. आश्रमात मोजून आलेल्या कॅप्सूलमधून जास्तीची काढणार कुठून? मग त्यांनी खिशातली स्वतःची, त्या दिवशीची, काढली. कागदी कपात घातली आणि कप खुर्चीवर ठेवला. "घ्या, दिली. आता तुमची पाळी." बाईंनी शहाण्या मुलीसारखा चमचा चाटून पुसून घेतला आणि न सांगता आ केला.

थोड्या वेळाने बाईंचा डोळा लागला. सिस्टरनी हळूच कप उचलला. कॅप्सूल जिथल्या तिथे होती. स्वतःशीच हसत त्यांनी मास्क खाली केला, ती तोंडात टाकली, पाणी प्यायलं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. आपल्या हुशारीवर त्या एकदम खूश होत्या.

पुढचे दिवस हाच क्रम चालला. दिवेलागणीला खुर्चीवर कप, मग बाईंचा चमचा, मग बाईंची झोप, मग सिस्टरची कॅप्सूल. बाईंचा ताप उतरायला लागला, खोकला कमी झाला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर सुरू केलंत, सिस्टर." मुलीचा फोन आला, "आई, तो परवा बाहेरगावी निघतोय. तू येशील ना गं? माझ्याच्याने एकटीने होत नाही." सिस्टर म्हणाल्या, "येते म्हणजे काय, येतेच."

त्याच संध्याकाळी त्या कपातली कॅप्सूल उचलायला गेल्या आणि चिमटीत जरा जास्त जोर लागला. कॅप्सूल चेपली. कागदासारखी चपटी झाली.

आत काही नव्हतं.

सिस्टरनी ती उजेडात धरली, उघडली, बोट फिरवलं. पुडीचा कण नाही. दोन तुकडे मात्र पुन्हा एकात एक बसवलेले, अगदी त्या स्वतः बसवायच्या तसेच. म्हणजे इतके दिवस आपण काय गिळलं? नुसतं टरफल? मास्क होता म्हणून बरं, पण औषध म्हणून पोटात काहीच गेलं नव्हतं, आणि परवा बाळाजवळ जायचं होतं. लगोलग दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट. पूड गेली कुठे? बाईंनी खाल्ली असेल तर? त्या थकलेल्या मूत्रपिंडांवर रोज दुप्पट डोस?

त्यांनी धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं, खुर्चीसकट. बाईंचं रक्त तपासायला गेलं. सिस्टरच्या नाकातला नमुनाही गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही अहवाल आले. सिस्टरना लागण नव्हती. बाईंचं रक्त जसं हवं तसं होतं.

"त्यांच्या अंगात जास्तीचं काही गेलेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडून कपात रिकामीच पडली असेल, सिस्टर. तुम्ही थकलाय. मुलीकडे जा. मास्क लावा, कॅप्सूल रोज घ्या, आणि ती कपात ठेवू नका." त्यांनी नवीन पाकीट हातात दिलं.

तुम्ही-आम्ही असतो तर तिथून थेट पिशवी भरली असती. पण जिने जन्मभर दुसऱ्याच्या गालाच्या कडा तपासल्या, तिला हे असं अर्धवट सोडून जायला जमेना. जायच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर बाईंच्या खोलीत शिरल्या. बाईंना चमचा दिला. नव्या पाकिटातली एक कॅप्सूल बोटांनी चाचपून, भरलेली आहे अशी खात्री करून कपात घातली. कप खुर्चीवर ठेवला आणि स्वतः खाटेच्या कडेला, खुर्चीसमोर बसून राहिल्या.

बाहेर धुकं उतरत होतं. खिडकीतला उजेड आधी पिवळा झाला, मग राखाडी. खालून भांड्यांचा आवाज येत होता, तोही हळूहळू लांब गेल्यासारखा वाटायला लागला. बाई संथ झोपल्या होत्या. सिस्टरची नजर कपावरून हलली नाही.

आधी वास आला. ओळखीचाच. घामाने भिजून अंगावरच वाळलेल्या कपड्यांचा, कोरड्या पडलेल्या तोंडाचा, तापाचा वास. बाईंचा ताप तर उतरलेला होता. मग वेत करकरला. कुणी बसल्यावर नाही, बसलेलं माणूस जरा पुढे सरकल्यावर करकरतो तसा.

कपाला कुणी हात लावला नाही, कप हललाही नाही. फक्त त्यातून आवाज आला.

टक्.

अंगावर सरसरून काटा आला. आणि अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात, पण सिस्टरना आठवली ती सवय. त्या पुढे वाकल्या आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या,

"आ... आ करा..."

कढत श्वास त्यांच्या तोंडावर आला. कडू वासाचा, ओला, जवळून. मास्क नाकापासून हनुवटीपर्यंत घट्ट बसलेला होता, आणि तो श्वास मास्कच्या आतल्या बाजूला होता.

त्या कशा उठल्या, कशा जिना उतरल्या, त्यांनाही सांगता आलं नसतं. रात्रभर खालच्या खोलीत दिवा लावून बसल्या. सकाळी डॉक्टरांनी त्यांची पुन्हा तपासणी केली. ताप नाही, लागण नाही, छाती स्वच्छ. निरोप घ्यायला म्हणून त्या बाईंच्या दारापर्यंत गेल्या, उंबरा ओलांडला नाही. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहऱ्यावर तरतरी होती. खुर्ची त्यांनी भिंतीकडे तोंड करून फिरवून घेतली होती.

"गेली ती," बाई म्हणाल्या. आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि थोडी लाजही. "रागावू नका सिस्टर. तुम्ही तिला आ करा म्हणालात ना... तिला असं जवळ बसून कुणी कधी विचारलंच नव्हतं."

"कुठे गेली?" सिस्टरनी विचारलं.

बाई सिस्टरच्या खांद्यापलीकडे, बोळात पाहत राहिल्या, आणि मग डोळे मिटून घेतले.

मुलीच्या घराच्या पायरीवर सिस्टर बराच वेळ उभ्या राहिल्या. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. पण आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, त्याच्यामागे मुलीचा रडवेला आवाज, आणि पाय आपोआप आत गेले. त्यांनी मुलीला आधीच सांगून टाकलं. "मी बाहेरच्या खोलीत राहणार. स्वयंपाक, धुणं सगळं माझं. बाळाला आठवडाभर हात लावणार नाही. आजार्‍यांत राहून आलेय मी."

"अगं पण तुला तर काही झालेलं नाही ना?"

"मला नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. मुलीला समजेल अशा शब्दांत सांगण्यासारखं त्यांच्याकडे काय होतं? "पण नियम आहे. खोलीत आजारी माणूस आलं की त्याच्याबरोबर जे कुणी असतील, त्यांना लागण व्हायच्या आत जपायचं. औषध म्हणून तर देतो आम्ही."

दुपार तशी छान गेली. दाराच्या फटीतून त्यांनी नातू डोळे भरून पाहिला. कपाळ थेट मुलीचं, नाक कुणाचं ते अजून ठरायचं होतं. दुपारभर त्या हसल्या, बोलल्या, वरणाला फोडणी दिली. आश्रमातली ती खोली फार मागे राहिल्यासारखी वाटली.

दिवे लावायच्या वेळेला त्यांनी पाकिटातली कॅप्सूल काढली. कपात ठेवली नाही, हातातच धरली. तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं आणि त्यांनी ती ओट्यावर ठेवून गॅस बंद केला. वळून पाहिलं तर ओटा रिकामा. खाली पडली असेल म्हणून त्या वाकल्या, ओट्याखाली हात घालून चाचपडल्या. मुलगी न्हाणीघरात होती, पाण्याचा आवाज येत होता. बाळ आतल्या खोलीत एकटंच निजलं होतं.

आतून वेत करकरल्याचा आवाज आला. मुलीच्या घरात वेताचं काहीच नव्हतं.

मग, अगदी मायेने, हलक्या घोगऱ्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"आ कर..."

सिस्टरनी दार लोटलं. खोलीत कुणी नव्हतं. बाळ शांत झोपलं होतं, श्वास व्यवस्थित चालला होता, अंगात ताप नव्हता. त्याच्या खालच्या ओठावर पांढऱ्या पुडीचा एक ओला ठिपका होता. उशाशी कॅप्सूलचं टरफल पडलं होतं, दोन्ही तुकडे एकात एक नीट बसवलेले.

"आई," मागून मुलगी ओल्या केसांनी विचारत होती, "तू बाळाजवळ गेलीस ना शेवटी?"

सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. बोटाने त्यांनी तो ओठ हलकेच खाली ओढला, बाळाच्या तोंडात पाहिलं. जीभ, हिरड्या, गालाच्या कडा. सगळं स्वच्छ होतं. लागण व्हायच्या आत औषध नीट पोटात गेलं होतं.