अजून वापरात आहे

मी लोकांची घरं रिकामी करतो. धंदाच आहे तो. एका म्हाताऱ्याच्या घरातून एकशे बारा छत्र्या काढल्यात मी, आणि एक जिवंत कासव. छत्र्यांवर लोक विश्वास ठेवत नाहीत, कासवावर लगेच ठेवतात. तर आता जे सांगतोय ते कासवाच्या बाजूचं समजा.

जपानातल्या आकिताच्या डोंगरातलं आमचं गाव. डिसेंबर नुकताच लागला होता. मिझुए कुत्सुकाके नावाच्या बाईंचा फोन आला. वय चाळीस, घटस्फोट झालेला, आई वारून पन्नासेक दिवस झालेले. सात वर्षांची मुलगी कोतोने सासरीच अडकून होती. शुक्रवारी कौटुंबिक न्यायालयाच्या बाई घर बघायला येणार होत्या. घर पसंत पडलं तर मुलगी आईकडे.

घर म्हणजे नुसता ढीग होता. सादाए आजींनी, म्हणजे मिझुएच्या आईनं, चाळीस वर्षांत धाग्याचं रीळसुद्धा टाकलं नव्हतं.

"काका, आईचं काही म्हणजे काही नकोय मला," मिझुए म्हणाली. "कोतोने येईल तेव्हा घर कोरं हवं."

"काका काय? पन्नाशीच उलटलीय माझी."

"बरं, आजोबा." आणि ती हसली. तिचं तेवढंच हसणं माझ्या लक्षात आहे.

सोमवारी आम्ही पहिली पिशवी कोपऱ्यावर ठेवली. आमच्याकडे कचऱ्याची पिशवी पारदर्शक असते आणि तिच्यावर घरच्यांचं नाव घालावं लागतं. काही चुकलं तर गाडीवाले पिशवी नेत नाहीत, लाल चिठ्ठी चिकटवून जातात. चिठ्ठीवर कारणं छापलेली असतात: प्रकार चुकला, वार चुकला, नाव नाही. दुपारी बघतो तर पिशवी पायरीवर परत. लाल चिठ्ठीवर एकाही कारणापुढे खूण नव्हती. खाली मोकळ्या जागेत कुणीतरी बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'अजून वापरात आहे.'

पिशवीत आजींच्या सपाता होत्या, दातांचा ब्रश, जेवणाच्या काड्या आणि निळ्या आलुबुखारांची नक्षी असलेला भाताचा वाडगा.

"शेजारच्या म्हातारीचा चावटपणा," मिझुए म्हणाली. "वाडगा न जळणाऱ्या कचऱ्यात जातो ना, म्हणून टोमणा मारलाय."

बुधवारी तिनं तेच सामान न जळणाऱ्याच्या पिशवीत भरलं. तीही परत आली. तीच चिठ्ठी, तेच अक्षर. पण या वेळी पिशवीतला वाडगा ओला होता. काठाला भाताचं शीत चिकटलेलं. आणि घरात... ताज्या भाताचा वास. भात शिजवायचं भांडं मी स्वतः मंगळवारी ट्रकवर चढवलं होतं.

मी हळूच विचारलं, "मिझुएताई, आईंना नेलं तेव्हा वाडगा फोडला होता ना?"

आमच्याकडची जुनी रीत आहे. शवपेटी घराबाहेर पडली की गेलेल्याचा वाडगा उंबऱ्याच्या दगडावर फोडायचा. इथलं तुझं जेवण संपलं, परत येऊ नकोस, म्हणून.

"अंत्यविधीच्या हॉलमधूनच नेलं," ती म्हणाली. "तिथले लोक म्हणाले, तुकडे होतात, लोकांच्या पायात जातात. आता कुणी नाही फोडत."

वाडगा आपणच फोडायचा, मी मनात ठरवून टाकलं.

गुरुवारी दुपारी ती सरकत्या दारांच्या लाकडी जाळीला लावायचा कागद आणायला गेली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. ओट्यावर निळ्या आलुबुखारांचा वाडगा पालथा घातलेला दिसला. म्हटलं, हिनं पिशवीतून काढलेला दिसतोय. पिशवी उघडून खात्री करायला हवी होती. दहा पावलांवर तर पडली होती! मी वाडगा उचलला, उंबऱ्यावर आलो. मिझुए फाटकातून आत येतच होती. मी दाणकन दगडावर आपटला.

ती थबकली. "काका, काय फोडलंत?"

"आईंचा वाडगा. आता सुटलात तुम्ही."

तिनं वाकून एक तुकडा उचलला. त्याच्या काठाला जुना टवका होता. "हा माझा होता," ती म्हणाली. "आईनं दोन सारखे आणले होते."

"असू दे हो. नवा घेऊ." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

ती दारापर्यंत आली आणि थांबली.

"काका, कडी काढा ना."

दार सताड उघडं होतं. मी दारातच उभा होतो.

"काका... कडी काढा."

तिचे तळवे हवेवरून फिरत होते, जसे बंद फळीवरून फिरावेत. मी हात पुढे केला. तिला तो दिसलाच नाही. तिच्या केसांवरचं बर्फ वितळत नव्हतं.

"बरं, मागच्या दारानं येते," ती पुटपुटली आणि घराला वळसा घालून गेली. मी मागे धावलो. पावलं कोपऱ्यापर्यंत होती. पुढे नुसतं कोरं बर्फ.

मी पोलिसांकडे जायला हवं होतं. काय सांगणार होतो? मी घरी गेलो.

शुक्रवारी उरलेलं सामान न्यायला आलो, तर न्यायालयाच्या बाई बूट घालत बाहेर पडत होत्या. चेहरा प्रसन्न.

"घर कसं लखलखीत ठेवलंय! मुलगी इथेच राहील." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "कागदावर वय चाळीस आहे हो. त्रासानं माणूस किती म्हातारं होतं, नाही?"

आतून ताज्या भाताचा वास येत होता. सपातांचा आवाज आला, सरपटत सरपटत. मी सामान न घेताच निघालो.

सोमवारी सकाळी कोपऱ्यावर कुत्सुकाकेंची पिशवी होती. नाव बारीक, तिरक्या अक्षरात. आत मिझुएचा कोट, बूट, ब्रश, निळ्या वाडग्याचे तुकडे. सगळं नीट घडी घालून, कागदात गुंडाळून. एवढी व्यवस्थित पिशवी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. वरच्या खिडकीतून कोतोनेनं मला हात केला. तिच्या खांद्यावर मागून कुणाचा तरी हात होता.

गाडी आली. पोऱ्यानं पिशवी उचलली, फिरवून पाहिली. लाल चिठ्ठी लावली नाही.

मी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं होतं. कारण पिशवीला आतून वाफ धरली होती. पुसट होत होती, पुन्हा धरत होती... श्वासागणिक.

त्यानं ती गाडीत टाकली.