तीन ताऱ्यांच्या वर नाही

मला त्या दिवशी कोणाशीच बोलायचं नव्हतं. गाडीची पुढची काच तडकली होती, ती बदलून होईपर्यंत गॅरेजच्या बाकावर गप्प बसायचं, एवढाच माझा बेत होता. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ वितळून नुसता राडा झालेला. सकाळीच एका आईने फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, की तिच्या मुलाने दुसरं कॉलेज निवडलं. आमच्या छोट्याशा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी नेब्रास्का राज्यभर हिंडायचं, शाळेतल्या धिप्पाड पोरांना आणि त्यांच्या आयांना 'आमच्याकडे या' म्हणून विनवायचं आणि बहुतेकांचं 'नाही' ऐकून परतायचं, हे माझं काम. घसा बसायचा, आणि हळूहळू मनही.

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला टीव्ही एका मेकॅनिकने जेवणाच्या सुट्टीत बळकावला होता. फुटबॉलचाच व्हिडिओ गेम. आपण कोच व्हायचं, पोरं गोळा करायची, संघ उभा करायचा. प्रत्येक पोराच्या नावापुढे तारे, जितका चांगला तितके जास्त, पाचापर्यंत. आणि एक पाच ताऱ्यांचा पोरगा आपण होऊन यायला तयार असताना या माणसाने चक्क नकार दिला.

"अहो!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "असा पोरगा सोडतं का कोणी?"

त्याने वळून पाहिलं. गालावर काळा डाग, डोळे मात्र शांत. "तीन ताऱ्यांच्या वर मी हात लावत नाही."

"का? भाजतं?"

"खोटं वाटतं हो. आपलं कॉलेज एवढंसं... तिथे असला पोरगा कशाला येईल?"

आपलं? मी पडद्याकडे नीट पाहिलं. लाल जर्सी, छातीवर गव्हाची लोंबी. आमचंच कॉलेज! गेममध्ये ते नव्हतंच, त्याने स्वतः बसून बनवलं होतं.

"मोजे चुकलेत," मी म्हणाले. "पांढरे असतात."

त्याने मुकाट्याने मोजे बदलले. मग हातातला कंट्रोलर बाहीला पुसून माझ्यापुढे धरला. "बघता का खेळून?" तो हसला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझे खांदे जरा सैल झाले.

त्याचं नाव कर्ट ओस्टरमन. मी टेसा वाव्रा. काच बसली, पण नंतर वायपर बिघडला, मग तेल बदलायचं झालं, मग गाडीतून आवाज येऊ लागला.

"कसला आवाज?" कर्टने विचारलं.

"येतो... मधूनमधून."

"माझ्यासमोर गप्प बसतो वाटतं."

"लाजाळू आहे."

"बरं," तो बॉनेट आपटून बंद करत म्हणाला, "मग त्याची भीड चेपेपर्यंत येत जा."

आणि मी जात राहिले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा खायचो, सोबत दालचिनीचा रोल. तो रोलचा मधला मऊ भाग काही न बोलता माझ्या ताटलीत सरकवायचा. मग खेळ. कर्टचे नियम हळूहळू कळत गेले. पोराचं घर पाच तासांच्या रस्त्याच्या आत हवं, म्हणजे आईबापांना सामना बघायला येता येईल. एकदा शब्द दिला की त्याच्याहून सरस पोरगा आला तरी मोडायचा नाही. एकदा शेवटच्या क्षणी आम्ही हरलो, तेव्हा मी म्हणाले, "बंद करून पुन्हा सुरू कर ना, कोणाला कळणार आहे?"

"मला."

"अरे देवा, काय माणूस आहेस तू!"

"खरं असल्यासारखं खेळायचं, नाहीतर मजा काय?"

आमच्या संघातला एखादा पोरगा चमकला, की गेममधली मोठी कॉलेजं त्याच्यामागे लागायची. त्याला थोपवायची सोय होती. कर्ट ती कधीच वापरायचा नाही. "जाऊ दे त्याला. त्याचं भलं होतंय. आपण कोण आडवं येणारे?" असं म्हणायचा आणि बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचा. तेव्हा मला तो फार आवडायचा. स्पष्टच सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि एवढी थकलेली असताना कोणी प्रेमात पडू शकतं याचंच मला नवल वाटत होतं.

एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या एका मोठ्या विद्यापीठाने मला नोकरी देऊ केली. हेच काम, पण विमानाने फिरायचं. पगार चांगला, आणि हाताखाली तीन माणसं. मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच विचार आला, आता कर्ट काय म्हणेल?

तो टायर बसवत होता. ऐकून त्याचा हात थांबला.

"वा," तो म्हणाला. "अभिनंदन. जायलाच हवं."

मी वाट पाहिली.

"लांबचा रस्ता आहे," तो टायरशीच बोलला. "निघण्याआधी ब्रेक बघून देतो."

"एवढंच?"

"टेसा... तुझं भलं होतंय. मी कोण—"

"तो नियम मला ऐकवू नकोस!" माझा आवाज चढला, पलीकडचा मेकॅनिक बाहेर निघून गेला. "मी तुझ्या पडद्यावरचं पोरगं नाही. आणि तुला सांगू? तुझा तो नियम साफ खोटा आहे."

आता त्याने मान वर केली.

"मोठ्या कॉलेजांनी घेरलेल्या पोराकडेही आमचे कोच जातात. हरणार हे ठाऊक असतं, तरी बर्फात गाडी घालतात. त्याच्या घरी सोफ्यावर बसतात, आईने दिलेलं पोटभर खातात आणि तोंड उघडून म्हणतात, आमच्याकडे ये. पोरगा नाही म्हणतो, मग हात मिळवून परत येतात. त्याला थोपवत नाहीत, कर्ट, पण विचारतात! दिवसभर मी जगाला 'या, या' करत फिरते. मला आजवर एकानेही 'थांब' म्हटलेलं नाही. आणि मी इतकी दमलेय, की कोणी म्हणेल याची वाट बघायचंही त्राण उरलेलं नाही."

तो पुन्हा टायरकडे वळला. ब्रेक न दाखवताच मी निघाले.

रविवारी दुपारी आईकडे होते. होकार कळवायचं ठरवून टाकलं होतं. कोणी अडवत नाही, मग राहायचं कशासाठी? तेवढ्यात बेल वाजली. दारात कर्ट. इस्त्रीचा शर्ट, गॅरेजची टोपी हातात, नखं घासून लाल केलेली.

"मिसेस वाव्रा," तो आईला म्हणाला, "आत येऊ का? तुमच्याशी आणि टेसाशी बोलायचंय."

आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ये. खसखशीचे कोलाचे आत्ताच काढलेत. बस सोफ्यावर."

तो बसला. टोपी टेबलावर ठेवली. खसखस भरलेला एक गोड कोलाचे-पाव संपवला, दुसरा आईने वाढला, तोही संपवला. मग घसा खाकरला.

"तिकडे पगार जास्त आहे. ऊनही जास्त आहे. आमच्याकडे हिवाळा सरता सरत नाही, आणि चांगली कॉफी मिळत नाही, हे आधीच सांगतो." त्याने टेबलावरची टोपी जराशी सरळ केली. "मला सकाळी लवकर कामावर जावं लागतं. हाताचा तेलाचा वास कितीही धुतला तरी जात नाही. पण... टेसा, माझ्याकडे तुला राखीव खेळाडूसारखं बाकावर बसवून ठेवणार नाही. पहिल्या दिवसापासून तूच. थांब ना. नाही म्हणालीस तरी ब्रेक बघून देईन. पण थांब. मला तू हवी आहेस."

आईने ताटली बाजूला सरकवली. मग आईने तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक आई कोचला विचारते.

"आणि उद्या तुलाच दुसरीकडून बोलावणं आलं तर, बाळा?"

कर्टने खरंच विचार केला. "तर हिला विचारल्याशिवाय उत्तर देणार नाही."

आई माझ्याकडे वळली. माझ्या मनात आलं, विद्यापीठाला काय सांगायचं ते उद्या बघू. हे हिंडणं सोडलं तरी इथल्या शाळेतही मुलांना वाट दाखवणारी माणसं लागतात, विमानाशिवायही माझं काम मला येतं. मी टेबलाकडे पाहिलं. आमच्याकडे पोरं कॉलेज निवडतात तेव्हा बोलत नाहीत. टेबलावर मांडलेल्या टोप्यांतून निवडलेल्या कॉलेजची टोपी उचलतात आणि सगळ्यांदेखत डोक्यावर घालतात, झालं.

टेबलावर एकच टोपी होती.

मी ती घातली. कर्टचं डोकं माझ्याहून बरंच मोठं, त्यामुळे ती थेट डोळ्यांवर आली. बरंच झालं, कारण आईसमोर रडायची मला सवय नव्हती.