साल नसलेली चिठ्ठी

अमोस थर्कल शाळेतून निवृत्त झाला आणि शब्दांच्या नादी लागला. थोरल्या शब्दकोशासाठी जुन्या-नव्या पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवणारे शेकडो हौशी इंग्लंडभर होते, आणि अमोस त्या चिठ्ठ्या सालवार लावून द्यायचा. पगार दमडीचा नाही, पण तोरा संपादकाचा.

१८९५च्या फेब्रुवारीत, नदी गोठली त्या आठवड्यात, त्याच्याकडे 'फ्रोर' आला. म्हणजे हाडं गोठवणारं गार. हा शब्द कवींनीच काय तो जगवलेला, आणि हल्ली त्यांनीही टाकलेला. ताजं वाक्य मिळालं नाही तर कोशात त्याच्यापुढे मेल्याचा क्रूस लागणार होता. अमोसला हे फार लागलं होतं.

वरच्या खोलीत त्याची थोरली बहीण डॉर्कस न्यूमोनियानं नऊ दिवस पडून होती. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, "ऊब तुटू देऊ नका. आजचा दिवस निघाला तर वाचली."

"शब्द गारठलाय म्हणून सगळी लाकडं त्यालाच का रे?" ती वरून खोकत म्हणाली. "दोन इकडेही आण."

"आलोच," अमोस खाली शेकोटीपाशी बसल्या जागेवरून म्हणाला आणि पुढची चिठ्ठी उचलली.

चिठ्ठी ओलसर आणि गार होती. अक्षर अनोळखी. 'चहा ओतताना तिचे हात फ्रोर होते.' खाली ना पुस्तक, ना साल. साल नसलेली चिठ्ठी बाद, हे त्यानंच कितीजणांना खडसावलं होतं. पण हात शिवशिवले. त्यानं लिहून टाकलं: १८९५.

वरचा खोकला थांबला. झोप लागली असेल, असं त्याला वाटलं.

चार वाजता डॉर्कस चहाचा ट्रे घेऊन खाली आली.

"उठलीस कशाला?"

"काही दुखत नाही आता."

विस्तव विझत आला होता. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या निघत नव्हती.

कप घेताना तिची बोटं लागली आणि त्याचा हात मनगटापर्यंत बधिर झाला.

अमोसनं चाकू घेतला आणि चिठ्ठीवरचं साल खरवडू लागला.

"राहू दे," डॉर्कस म्हणाली. "खोडलंस तर मी कुठे जाऊ?"

त्याला भीती वाटली. ती समोर आहे याचं बरंही वाटलं. त्यानं चाकू मिटला.

डॉर्कसनं जाऊन खिडकी सताड उघडली. नदीवरचा वारा आत घुसला.

"हं," ती खुर्चीत टेकत म्हणाली, "आता जरा ऊब आली."